१९२९ची न्यूयॉर्कची उंचीची शर्यत: जिंकलं नक्की कोण?

मृण्मयी_जर्सीसिटी

नमस्कार मंडळी,

माझं ऑफिस लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर आहे. ग्रँड सेंट्रलमधून बाहेर पडलं की रोज क्रायस्लर बिल्डिंग दिसते आणि ती मला मनापासून आवडते. सध्या आई-बाबा सांगलीहून आलेत. त्यांना घेऊन डाउनटाउनला फिरत होते, तेव्हा वॉल स्ट्रीटवर हिरव्या तांब्याच्या टोकदार छपराची एक जुनी इमारत दिसली, ४० वॉल स्ट्रीट. बाबांना उत्सुकता वाटली म्हणून घरी येऊन वाचत बसलो, तर ही तीच इमारत निघाली जिला क्रायस्लरने हरवलं होतं.

जे वाचलं ते थोडक्यात असं. १९२९मध्ये जगातली सगळ्यात उंच इमारत होण्यासाठी दोन्ही इमारती एकाच वेळी वर चढत होत्या. क्रायस्लर ९२५ फुटांवर थांबणार असं सगळे धरून चालले होते, म्हणून ४० वॉल स्ट्रीटवाल्यांनी आपली उंची ९२७ फुटांवर नेली. आणि मग क्रायस्लरने मुकुटाच्या आत लपवून ठेवलेला १८५ फुटांचा स्पायर, म्हणजे टोकदार सुळका, बाहेर काढला आणि एकदम १,०४६ फूट गाठले.

बाबांचं म्हणणं, हे जिंकणं नव्हे, ही लबाडी. मला तसं वाटत नाही, पण नीट उत्तरही देता येईना. जिथे माणूस उभा राहू शकत नाही असा लोखंडी सुळका उंचीत का धरायचा? हे ठरवतं कोण? आणि ४० वॉल स्ट्रीटवाल्यांनीही एखादा सुळका का नाही लावला? जाणकारांनी सांगावं.

---

फिरस्ता

मृण्मयी, यात एक वैयक्तिक भांडणही होतं. क्रायस्लरचा वास्तुविशारद विल्यम व्हॅन ॲलन आणि ४० वॉल स्ट्रीटचा एच. क्रेग सेव्हरन्स हे आधी भागीदार होते. १९२४मध्ये त्यांची फारकत झाली. पाचच वर्षांनी दोघं एकाच शहरात, एकाच किताबासाठी समोरासमोर आले.

व्हॅन ॲलनचा पुढचा प्रवास मात्र वाईट झाला. फीवरून वॉल्टर क्रायस्लरशी त्याचं बिनसलं, प्रकरण कोर्टात गेलं. पैसे मिळाले, पण त्यानंतर त्याच्या हाती तसं मोठं काम कधी आलं नाही. इतकी सुंदर इमारत उभी करणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे यावं, याचं मला फार वाईट वाटतं.

---

शरद_डोंबिवली

मृण्मयी, तुझा प्रश्न वाचून राहवलं नाही. माझं आयुष्य लिफ्ट बसवण्यात गेलं, आधी मुंबईत आणि मग दुबईत. त्यामुळे कुठलीही उंच इमारत मी आतून बघतो, शाफ्टमधून, म्हणजे लिफ्ट वर-खाली जाते त्या उभ्या पोकळीतून. आणि तिथून बघितलं तर माझं उत्तर सरळ आहे: ४० वॉल स्ट्रीट जिंकली होती. लबाडी हा शब्द मात्र मी वापरणार नाही. का ते सांगतो.

आधी हे समजून घे की उंच इमारतीत वर जाण्याची किंमत खालचे मजले मोजतात. साठाव्या मजल्यावरच्या माणसाची लिफ्ट खालच्या एकोणसाठ मजल्यांच्या पोटातून जाते. तेवढी जागा त्या प्रत्येक मजल्यावर भाड्याने देता येत नाही. वर आणखी दहा मजले चढवले की माणसं वाढतात, त्यांच्यासाठी आणखी शाफ्ट लागतात, आणि ते शाफ्ट पुन्हा खालूनच सुरू होतात. म्हणून एका उंचीनंतर नवा मजला जेवढं देतो त्यापेक्षा जास्त खातो. हे तेव्हाच्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. १९३०मध्ये क्लार्क आणि किंग्स्टन या दोघांनी ग्रँड सेंट्रलजवळचाच एक भूखंड धरून हिशेब मांडला होता. तिथल्या जमिनीच्या भावाला सगळ्यात किफायतशीर इमारत किती मजल्यांची, तर ६३ असं उत्तर आलं. क्रायस्लर ७७ मजल्यांची आहे. म्हणजे वरचे मजले भाड्याच्या गणितावर उभे नाहीत, नावासाठी उभे आहेत.

त्यात १९१६चा न्यूयॉर्कचा बांधकामाचा नियम. रस्त्यावर ऊन-वारा यावा म्हणून इमारत वर जाताना मागे सरकवत न्यायची. पण भूखंडाच्या एक चतुर्थांश जागेवर हवा तेवढा उंच मनोरा बांधायला मोकळीक होती. त्या काळच्या इमारतींना तो पायऱ्यापायऱ्यांचा आकार आला आणि मधूनच सरळ वर जाणारा बारीक मनोरा आला, तो या नियमामुळे. मनोरा बारीक, म्हणजे लिफ्टने खाल्लेली जागा आणखी बोचणार. तिथे वर चढत राहायचं तर मग मजले कशाला, सुळकाच बरा. व्हॅन ॲलनने नेमकं हे ओळखलं.

आता त्या सुळक्याबद्दल. तो २७ टनांचा होता. सुटे भाग वर नेऊन मुकुटाच्या आत गुपचूप जोडले आणि २३ ऑक्टोबर १९२९ रोजी डेरिकने (क्रेनसारख्या यंत्राने) उचलून जागेवर बसवला, साधारण दीड तासात. अडीचशे मीटरपेक्षा जास्त उंचीवर, उघड्यावर, वाऱ्यात. ज्याने उंचावर एखादा तुळईचा तुकडा जरी जागेवर बसवला असेल त्याला कळेल की हे काय काम आहे. दोर थोडा जरी फिरला तर खालच्या रस्त्यावर काय झालं असतं! ज्या कामगारांनी हे केलं त्यांना मी हात जोडतो. म्हणून बाबांना सांग, लबाडी म्हणू नका. कामात कसूर नव्हती. वाद आहे तो मोजण्याबद्दल.

आणि मोजण्याबद्दल ४० वॉल स्ट्रीटवाले गप्प बसले नव्हते. त्यांचे सल्लागार वास्तुविशारद श्रीव्ह आणि लँब यांनी जाहीरपणे लिहिलं की माणसाला जाता येईल असा सगळ्यात वरचा मजला आमचा जास्त उंच आहे, क्रायस्लरचं टोक नुसतं शोभेचं. मला त्यांचं म्हणणं पटतं. सुळका वजा कर: १,०४६ मधून १८५ गेले, उरले ८६१ फूट. समोर ९२७.

ठरवतं कोण, तर आज हे काम शिकागोची एक संस्था करते, उंच इमारती आणि नागरी वस्तीची परिषद. तिच्यापुढे हाच वाद १९९६मध्ये पुन्हा आला. क्वालालंपूरच्या पेट्रोनास टॉवरचे सुळके धरले तर ४५२ मीटर. शिकागोच्या सीअर्स टॉवरचं छप्पर ४४२ मीटर, आणि त्यावरचे अँटेना धरले तर तो पेट्रोनासच्या कितीतरी वर. परिषदेने ठरवलं की सुळका हा वास्तूचा भाग, अँटेना नाही. पेट्रोनास पहिला झाला. पण शिकागोत इतका गहजब झाला की परिषदेला वेगवेगळ्या याद्या कराव्या लागल्या. त्यातली एक यादी सगळ्यात वरच्या वापरातल्या मजल्याची आहे. माझ्या लेखी तीच खरी यादी.

ती बघितली की मजा कळते. बुर्ज खलिफा ८२८ मीटर, शांघाय टॉवर ६३२. फरक १९६ मीटरचा. पण वापरातला सगळ्यात वरचा मजला बघ: बुर्जचा सुमारे ५८५ मीटरवर, शांघायचा सुमारे ५८३ मीटरवर. जेमतेम २ मीटर! आणि मर्डेका ११८, जी ६७९ मीटर म्हणून जगात दुसरी, ती इथे शांघायच्या बरीच खाली जाते. परिषदेनेच २०१३मध्ये बुर्जच्या वरच्या रिकाम्या भागाचं माप काढलं होतं, २४४ मीटर. मुंबईतल्या बहुतेक टॉवरची अख्खी उंचीही तेवढी नाही.

तरी बुर्जबद्दल मला राग नाही, उलट माया आहे. ती वर जाताना मी दुबईतच होतो, शेख झायेद रोडवरच्या एका साइटवर. उन्हाळ्यात काँक्रीट रात्री ओतायचे, बर्फ मिसळून, दिवसा ओतलं तर ते तडकेल म्हणून. पंपाने काँक्रीट ६०० मीटरच्या वर चढवलं, तोवर असं कुणी केलं नव्हतं. जुलै २००७मध्ये तिने तैपेई १०१ला मागे टाकलं तेव्हा आमच्या साइटवरचे तेलुगू, बिहारी, पाकिस्तानी, आम्ही दोघं-तिघं मराठी, सगळे तिच्याकडे बोट दाखवत होतो. अखेरची उंची मात्र उद्घाटनापर्यंत, म्हणजे ४ जानेवारी २०१०पर्यंत गुपित ठेवली होती. आणि तिचा सुळकाही इमारतीच्या आत जोडून जॅकने वर ढकललेला आहे. व्हॅन ॲलनचाच डाव, ऐंशी वर्षांनी.

---

अनिकेत_के

शरदकाका, जबरदस्त. एक शंका. सुळका चढला २३ ऑक्टोबरला आणि शेअर बाजार कोसळायला सुरुवात झाली २४ ऑक्टोबरला. बुर्ज उघडली २०१०मध्ये, तेव्हा दुबई कर्जात बुडालेली. पेट्रोनासच्या वेळी आशियातली १९९७ची मंदी. जगातली सगळ्यात उंच इमारत आली की मंदी येते, असा एक निर्देशांकच आहे ना?

---

शरद_डोंबिवली

आहे. अँड्र्यू लॉरेन्स नावाच्या विश्लेषकाने १९९९मध्ये मांडला. ऐकायला चांगला आहे, पण मला तो पूर्ण पटत नाही. वूलवर्थ बिल्डिंग १९१३मध्ये उघडली, २४१ मीटर, १९३०पर्यंत जगात पहिली. पाच-दहा सेंटच्या दुकानांतून कमावलेल्या माणसाने ती रोखीने बांधली, आणि त्यानंतर १९२९सारखा काही हाहाकार झाला नाही. पुढे अर्थतज्ज्ञांनी आकडे तपासले तेव्हाही उंचीवरून मंदी सांगता येते असं निघालं नाही.

गोष्ट साधी आहे. पैसा स्वस्त असतो तेव्हा असे निर्णय होतात आणि बांधायला चार-सहा वर्षं लागतात. तोवर तेजी संपायची वेळ झालेली असतेच. बुर्जचं खोदकाम २००४चं, तेव्हा दुबईत रोज नवीन प्रकल्प जाहीर होत होता. डिसेंबर २००९मध्ये अबू धाबीने १० अब्ज डॉलर दिले, आणि महिनाभरात बुर्ज दुबईची बुर्ज खलिफा झाली, अबू धाबीच्या शासकाच्या नावाने.

मला त्या शर्यतीतली खरी थोर इमारत विचारशील तर ती एम्पायर स्टेट. आणि तीही भाड्याच्या दृष्टीने फसलेलीच, लोक तिला 'एम्प्टी स्टेट' म्हणायचे, कारण मंदीत मजले रिकामे पडले होते. पण तिचा आराखडा! वास्तुविशारद तेच श्रीव्ह आणि लँब, सोबत हार्मन. लँबने ठरवलं की खिडकीपासून कॉरिडॉरपर्यंत कुठेही २८ फुटांपेक्षा जास्त अंतर नको, म्हणजे सगळ्यांना उजेड. मधोमध लिफ्ट. वर जाताना लिफ्टचे गट एकेक करून संपतात, मधला गाभा लहान होतो, तशी इमारतही आत सरकते. म्हणजे तिचा बाहेरचा आकार लिफ्टने ठरवलेला आहे. मी तो नकाशा पहिल्यांदा बघितला तेव्हा कितीतरी वेळ त्यावरून बोट फिरवत बसलो होतो.

१७ मार्च १९३० रोजी बांधकाम सुरू, १ मे १९३१ रोजी उद्घाटन. १०२ मजले, ३८१ मीटर. एका वेळी ३,४०० पर्यंत माणसं कामावर. रिव्हेट, म्हणजे तुळया जोडणारे पोलादी खिळे, ठोकणारी चौघांची टोळी असायची: एक भट्टीवर रिव्हेट लाल करून चिमट्याने फेकायचा, दुसरा डब्यात झेलायचा, तिसरा मागून दाब द्यायचा, चौथा हातोडा चालवायचा. हेल्मेट नाही, पट्टा नाही.

सुळक्याचा मोह मात्र तिलाही सुटला नाही. ८६व्या मजल्यावर छप्पर १,०५० फुटांवर येत होतं, क्रायस्लरच्या फक्त ४ फूट वर. तेवढ्यावर मालक जॉन रॅस्कोबचं समाधान होईना. मग २०० फुटांचा मास्ट, म्हणजे डोलकाठीसारखा मनोरा आला, हलक्या वायूवर तरंगणारी हवाई जहाजं (एअरशिप) त्याला दोराने बांधून प्रवासी उतरवायला म्हणून. हवाई जहाजातून तिथे कुणी प्रवासी उतरला नाही. तिथला वाराच तसा आहे.

आणि माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. २८ जुलै १९४५ रोजी धुक्यात बी-२५ बॉम्बर विमान या इमारतीवर आदळलं. त्याच्या इंजिनाने लिफ्टचे दोर तोडले. बेटी लू ऑलिव्हर नावाची लिफ्ट चालवणारी तरुणी लिफ्टसकट ७५ मजले खाली गेली आणि जिवंत राहिली. तुटलेल्या दोरांची गुंडाळी खाली पिटमध्ये, म्हणजे शाफ्टच्या तळाच्या खड्ड्यात, साचली होती आणि अरुंद शाफ्टमध्ये हवा दाबली गेली, त्याने धक्का कमी झाला. पाठ, मान, सगळं मोडलं होतं. काही महिन्यांनी ती परत आली आणि पुन्हा लिफ्टमध्ये बसून वर गेली. माझ्या हाताखालच्या प्रत्येक नव्या मुलाला मी हे सांगत आलो.

---

स्नेहल_शिकागो

शरदकाका, लिफ्टचा मुद्दा अगदी बरोबर. मी स्ट्रक्चरची इंजिनीअर, म्हणून एक नाव जोडते: फझलूर रहमान खान. जन्म ढाक्याचा, शिक्षण कोलकात्याजवळ शिवपूरला आणि ढाक्याला, मग १९५२मध्ये इलिनॉयला आले. एम्पायर स्टेटसारख्या इमारती म्हणजे आतून बाहेर सगळीकडे खांब आणि तुळयांची दाट जाळी. खानसाहेबांनी म्हटलं, वारा बाहेरून येतो तर ताकद बाहेरच्या भिंतीत ठेवू, अख्खी इमारतच एक पोकळ नळी करू. जॉन हॅनकॉक सेंटरवर बाहेरून दिसणारे ते मोठे तिरके दुवे त्यासाठीच आहेत. सीअर्स टॉवरमध्ये अशा नऊ नळ्या एकत्र बांधल्या, आणि त्या वेगवेगळ्या उंचीवर थांबतात.

त्याने दर चौरस फुटामागे लागणारं पोलाद इतकं कमी झालं की उंची पुन्हा परवडायला लागली. बुर्जचा वास्तुविशारद एड्रियन स्मिथ आणि स्ट्रक्चर करणारे बिल बेकर हे दोघंही खानसाहेबांच्याच फर्ममधले. बुर्जची तीन पाकळ्यांची रचना, जिथे प्रत्येक बाजू बाकी दोघींना टेकू देते, तिथपर्यंतची वाट खानसाहेबांनीच घातली. ते गेले १९८२मध्ये, फक्त ५२ वर्षांचे. कामासाठी जेद्दाला गेले असताना. आज एक किलोमीटरची इमारत त्याच शहरात उभी राहते आहे.

---

मृण्मयी_जर्सीसिटी

सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. २ मीटरचा फरक ऐकून ते खूश झाले. "लबाडी" मागे घेतली, पण "जिंकली ४० वॉल स्ट्रीटच" यावर ते आणि शरदकाका एका बाजूला.

माझा एक प्रश्न राहिला, त्यांनी उलट सुळका का नाही लावला? आणि जेद्दाच्या टॉवरचं काय, तो होईल का?

---

शरद_डोंबिवली

बाबांना नमस्कार सांग.

सुळका असा ऐनवेळी लावता येत नाही. त्याचं वजन आणि त्यावरचा वारा खालपर्यंत उतरवायला सांगाडा आधीपासून तसा आखावा लागतो. क्रायस्लरचा सुळका बसला तेव्हा ४० वॉल स्ट्रीटचं पोलाद जवळजवळ पूर्ण झालेलं होतं, त्या पिरॅमिडच्या छपरासकट. आणि त्याच आठवड्यात बाजार कोसळला. ती इमारत एका बँकेच्या नावाची, बँक ऑफ मॅनहॅटनच्या. अशा वेळी पुन्हा छप्पर फोडून पैसे ओतायला कोण तयार होईल? शिवाय एम्पायर स्टेटची घोषणा झालेलीच होती. क्रायस्लरचा किताबही मे १९३० ते मे १९३१, एवढाच टिकला.

जेद्दाचं काम २०१३मध्ये सुरू झालं, २०१८च्या जानेवारीत साठ-एक मजल्यांवर थांबलं. त्याआधी नोव्हेंबर २०१७मध्ये प्रकल्पामागचे राजपुत्र अल-वलीद बिन तलाल यांना सौदीतल्या धरपकडीत ताब्यात घेतलं होतं. सात वर्षं सांगाडा तसाच उभा होता. जानेवारी २०२५मध्ये काम पुन्हा सुरू झालं. पैसा राहिला तर होईल. बांधण्याचं ज्ञान आहे.

माझं लक्ष तिथल्या दोरांवर आहे. पोलादी दोराने एका दमात साधारण ५०० मीटर जाता येतं. त्यापुढे दोराचं स्वतःचं वजनच इतकं होतं की मोटर माणसांपेक्षा दोरच जास्त उचलते. शिवाय लांब दोर वाऱ्याबरोबर झुलतो. दुबईतल्या एका टॉवरवर (नाव नको) आम्ही चाचणी घेत असताना वारा सुटला. इमारत किती हलली ते माणसाला जाणवलंही नसतं, पण दोरांनी तिची लय पकडली आणि ते शाफ्टच्या भिंतीवर आपटायला लागले. लिफ्ट खाली आणून उभी केली आणि वारा पडेपर्यंत थांबलो. जेद्दासाठी लिफ्ट बनवणाऱ्या कोने कंपनीने कार्बन फायबरचा पट्ट्यासारखा दोर आखला आहे. पोलादापेक्षा खूप हलका, आणि त्याची झुलण्याची लय इमारतीच्या लयीशी जुळत नाही. त्यावर लिफ्ट एका दमात ६६० मीटर जायची आहे. हे जमलं तर तो पट्टा पुढे ज्यांच्या उंचीची बातमीही होणार नाही अशा साध्या टॉवरमध्येही येईल.

आणि बाबांना क्रायस्लरच्या लॉबीत नक्की ने, आत सोडत असतील तर. कामाच्या दिवशी बघ. छतावर एडवर्ड ट्रंबुलचं भलंमोठं चित्र आहे, त्यात ती इमारत बांधणारे कामगारही रंगवलेत. पण आधी लिफ्टच्या दारांजवळ जा. वेगवेगळ्या लाकडांचे पातळ पापुद्रे बसवून त्यावर नक्षी उमटवली आहे. फोटो काढलेस तर इथे टाक. दाराच्या कडेचा फोटो जवळून घे, पापुद्रा धातूला कसा भिडवलाय ते मला बघायचं आहे.